झिपरूआबाच्या खुंट्या

निवडणूक हा शब्द ऐकला की माझ्या नाकात अजून लाखेचा वास येतो. धुळ्याच्या सहकार खात्यात मी सगळी नोकरी केली आणि तिच्यातला निम्मा जन्म मतपेट्यांना लाखेची सीलं लावण्यात गेला. सोसायटी म्हणा, दूध संस्था म्हणा, जिथे म्हणून चार माणसं एकत्र येऊन भांडू शकतात तिथे सरकारने मला पेटी घेऊन पाठवलं. मला त्याचा अभिमानही होता. लोकशाही आपल्याच बॅगेत आहे अशा थाटात मी एसटीतून उतरायचो. माझी ही हवा एका माणसाने काढली. तो सातवीच काय, पहिलीही शिकलेला नव्हता. त्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. ज्या संस्थेची निवडणूक घ्यायला मी गेलो होतो तिचा तो मतदारसुद्धा नव्हता. झिपरूआबा, पांझरेकाठच्या एका गावाचा पाटकरी. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या भांडणातली माणसं अजून हयात आहेत आणि मला म्हातारपणी कुणाचे फोन नको आहेत.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नदीवर जुना दगडी बंधारा. त्यातून निघालेला पाट. पाटाखाली गावाची जमीन चार मोठ्या तुकड्यांत, त्यांना फड म्हणायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी नीट वाटता येतं. यंदा कुठल्या फडात ऊस, कुठल्यात गहू, कुठला पडीक, हे गाव मिळून ठरवणार. आणि ठरलेलं पाणी ज्याच्या त्याच्या बारीला, म्हणजे पाळीला, ज्याच्या त्याच्या शेतात सोडणार तो पाटकरी. या गावात पाटकरी मुद्दाम बिनजमिनीचा नेमायचे. ज्याचं स्वतःचं शेतच नाही तो पाणी चोरून नेणार कुठे?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वरून पत्र आलं, की या गावाच्या पाणी मंडळीने रीतसर संस्था नोंदवावी आणि नऊ जणांची कमिटी मतदानाने निवडावी. मी फॉर्म घेऊन गेलो. पाटकरी कुठे म्हणून विचारलं तर लोकांनी पाटाकडे बोट दाखवलं. पोटरीभर पाण्यात एक काळा, सडपातळ म्हातारा उभा होता. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, खांद्यावर फावडं, कानावर विडी. मी काठावरून ओरडून माझी ओळख सांगितली.

"आयकू येत नही," तो म्हणाला. "पान्यात या."

मी बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि उतरलो. मागून कळलं की त्याला चांगलं खणखणीत ऐकू येत होतं. कुठलाही साहेब आला की तो हेच करायचा. बूट काढलेला माणूस बरा बोलतो, असं त्याचं मत होतं.

पाटावर कुणाचा चहा तो घेत नसे. वरच्या शेतवाल्याचा चहा पोटात गेला की खालच्या शेताला पाणी कमी जातं, हे तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की समोरचा माणूस कपबशी घेऊन तसाच माघारी जाई. चहा प्यायचा तर स्टँडजवळच्या हॉटेलात, स्वतःचा, तोही अर्धाच. बायका त्याला चिडवायच्या, आबा, लगनमा तरी चहा पेशात का नही? तो म्हणायचा, ज्यानं शेत नही त्याना लगनमा पेसू.

त्याच्या कमरेला गोणपाटाची पिशवी लटकलेली असे. तिच्यात बाभळीच्या बोटभर खुंट्या. गावातल्या प्रत्येक शेतवाल्याची एक. वाचता येणारे कमी, म्हणून नावाच्या जागी खुणा कोरलेल्या. कुणाच्या खुंटीवर दोन चरे, कुणाच्या फुली, कुणाच्या मोराचा पाय. ज्याची बारी चालू असेल त्याची खुंटी पाटाच्या तोंडाशी चिखलात रोवलेली असायची. कुणी तावातावाने भांडायला आला तर आबा तोंडाने काही बोलायचा नाही, फावड्याने खुंटी दाखवायचा.

मी त्याला निवडणूक समजावून सांगितली. अर्ज, छाननी, माघार, मतदान, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हनजे ज्याले खुर्चीनी हौस शे, तोच खुर्चीवर बठी का?"

"मग तुमच्याकडे कसं ठरतं?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"आखाजीले या," आबा म्हणाला आणि पाण्याकडे वळला.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. मी गेलो तेव्हा पाटाकाठच्या कडुनिंबाखाली गाव जमलं होतं. आबाने एक नवी घागर आणली, सगळ्या खुंट्या तिच्यात टाकल्या, आणि झोक्यावर बसलेल्या एका माहेरवाशिणीला हाक मारून खाली उतरवलं. तिने घागरीत हात घालून एकेक खुंटी काढली. नऊ निघाल्या की ते नऊ जण वर्षभर बैठकीत बसणार. शहाणा असो, येडा असो, नाही म्हणायची सोय नाही. पुढच्या आखाजीला पुन्हा घागर.

लेकच का, मी विचारलं.

"तिनं शेत आते दुसऱ्या गावमा शे," आबा म्हणाला. "तिले आठे कोनाशी घेनं ना देनं."

त्या वर्षी निघालेल्या खुंट्यांत एक सोनाअक्काची होती. नवरा गेल्यावर शेत एकटीने करणारी, बोलायला फटकळ. तिचं शेत शेपटाच्या फडात, म्हणजे पाट जिथे संपतो तिथे. दुसरी भिकनभाऊची, त्याचं शेत वरच्या फडात, बंधाऱ्याला लागून. आणि प्रश्न जीवघेणा होता. बंधाऱ्याचं पाणी वर्षाला पुरत नव्हतं. वरच्या फडात नवा ऊस लावला तर शेपटाच्या फडात गव्हालाही पाणी पोचणार नव्हतं. गहू नाही तर त्या घरांनी खायचं काय?

मला वाटलं, आता जुंपणार. पण आबाचा एक नियम होता. बैठकीत आपली बाजू आपण मांडायची नाही. समोरच्याची मांडायची. ती त्याला पटेल इतकी नीट मांडली आणि त्याने 'बराबर' म्हटलं, की मगच आपलं तोंड उघडायचं. याला तो 'दुसऱ्यानी बारी' म्हणायचा.

सोनाअक्का उठली. "ह्यास्ले ऊस लागस. गोड खावानी सवय शे," ती म्हणाली आणि लोक हसले.

आबा हसला नाही. तो बैठकीत कधी बसत नसे, जमीन नाही म्हणून. बाजूला पाटात उभा होता. तिथूनच म्हणाला, "टोमना नको, अक्का. त्यानी बाजू मांड."

अक्काने पदर खोचला. मग म्हणाली, की भिकनचा जुना ऊस तोडलाय, त्याच्या बुडख्यांतून खोडवा फुटलाय. तो आता मोडायला लावला तर दोन वर्षांची मेहनत मातीत जाईल, आणि बैल म्हातारे झालेत, त्याच्याच्याने पुन्हा नांगरट होणार नाही. हे शेवटचं भिकनभाऊने स्वतःही कुणाला सांगितलेलं नसावं. तो मान खाली घालून म्हणाला, "बराबर शे." मग त्याने तिची बाजू मांडली, अडखळत, पण मांडली. संध्याकाळ व्हायच्या आत ठरलं. असलेला खोडवा राहू द्यायचा, नवा ऊस कुणीच लावायचा नाही, उरलेलं पाणी शेपटाच्या गव्हाला. कुणी हात वर केले नाहीत, कुणी मोजले नाहीत. मी आयुष्यात इतक्या सभा पाहिल्या, पण माणसं एकमेकांचं ऐकतायत असं दृश्य पहिल्यांदा पाहत होतो.

परत जाताना मी आबाला म्हटलं, फार जुनी रीत दिसते.

"कशानी जुनी?" तो इकडेतिकडे बघून म्हणाला. "घागर बी मीच काढी, दुसऱ्यानी बारी बी मीच काढी. जुनं शे म्हनं तं लोके आयकतस. म्हनीसन जुनं शे म्हनस."

आणि विडी पेटवून खुशाल हसला. असा बेरकी म्हातारा.

त्या नऊ जणांनीच माझ्याकडे नऊ अर्ज भरले. नऊ जागा, नऊ अर्ज, म्हणजे बिनविरोध. कायद्यात बसत होतं. माझी पेटी उघडायची गरजच नव्हती. अर्जांची मुदत संपायला थोडा वेळ असताना, मी अर्ज घेत बसलो होतो त्या शाळेसमोर जीप थांबली आणि तात्या उतरले. तात्यांचं शेत वरच्या फडात, आणि तालुक्याच्या राजकारणात त्यांची ऊठबस. घागरीत त्यांची खुंटी निघाली नव्हती आणि नव्या उसाचा बेत आखाजीच्या बैठकीने मोडला होता. त्यांनी दहावा अर्ज भरला.

"साहेब, लोकांना निवडू द्या की," ते मला म्हणाले. "चिठ्ठ्या टाकून कुठे कारभार चालतो?"

मला ते पटलं. हो, पटलं, आता लपवून काय उपयोग? मतदान झालं. तात्यांची जीप दिवसभर धावत होती. दहा उमेदवारांत सगळ्यांत कमी मतं सोनाअक्काला पडली आणि ती बाहेर गेली. तात्या आत आले. शेपटाच्या फडाचं आता कमिटीत कुणीच नव्हतं. मी लाख, मेणबत्ती, शिक्का आवरत होतो तेव्हा आबा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हातात अक्काची खुंटी होती.

"साहेब, हाई खुंटी आते कोठे जाई?"

"आता खुंट्यांचं काय काम, आबा?" मी म्हणालो. हे वाक्य मला आजही टोचतं.

कमिटीच्या पहिल्या सभेला खात्याचा माणूस म्हणून मी हजर होतो. तात्यांनी ठराव मांडला, वरच्या फडात नवा ऊस. इतक्यात आबा आत आला, बाहेर चपला काढून, आणि त्याने ती खुंटी तात्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. सोनाअक्का उंबऱ्याबाहेर बसली होती.

"तात्या, तुमी अक्कानी जागा लिधी," तो म्हणाला. "मंग तिनी बारी बी तुमलेच."

तात्या हसले. "आबा, तू मतदार तरी आहेस का?"

"नही."

"मग कुठल्या हक्काने बोलतोस?"

"माले यामा काही भेटाव नही, म्हनीसन बोलस," आबा म्हणाला.

तात्यांनी खुंटी बाजूला सारली आणि ठरावाला हात वर करा म्हणाले. कुणाचा हात वर होईना. मग भिकनभाऊ बोलला. वरच्या फडातला, नव्या उसाने ज्याचा फायदाच झाला असता तो. "तात्या, पहिले अक्कानी बाजू मांडा. तवलोंग मना हात वर व्हवाव नही." बाकीच्या सात जणांनी माना डोलावल्या. तात्या रागाने लाल झाले. मी वहीत लिहिलं, निर्णय झाला नाही. पुढच्या सभेतही तेच लिहिलं. पेरणीचे दिवस चालले होते, पाणी बंधाऱ्यात नुसतं उभं होतं, तात्या मांडेनात आणि ते आठ जण हटेनात. सह्यांचा, शिक्क्यांचा, माझ्या वहीचा त्यांच्यावर काडीचा परिणाम नव्हता.

तिसऱ्या सभेच्या दिवशी भर दुपारी तात्या जीप सोडून पायी पाटावर गेले. आबाने त्यांना काय केलं असेल ते मी सांगायला नको. बूट हातात घेऊन, पाटातल्या चिखलातून, शेपटापर्यंत नेलं. ते थेट शाळेत आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. खुर्चीवर न बसताच ते बोलले.

"पाटाचं तोंड उघडल्यापासून बारी मोजतात. पाणी तिथे पोचेपर्यंत निम्मी बारी संपलेली असते."

"आजून," उंबऱ्यावरून सोनाअक्का म्हणाली.

"वाटेत पाट फुटलेला आहे. वरच्यांच्या गुरांनी फोडलेला. तो खालच्यांनीच बांधायचा, असं चालत आलंय."

"आजून येक ऱ्हायनं."

तात्या खालच्या आवाजात म्हणाले, "आणि ते कुणी बघायला येत नाही."

"कोन नही येत?"

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही नियम काढून त्यांना सोडवीन. मी वहीत डोकं घातलं. "मी आलो नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकदाही नाही."

"बराबर," अक्का म्हणाली.

आता आपली बाजू मांडायची तात्यांची पाळी होती. ते म्हणाले, मला काही मांडायचं नाही, आणि निघून गेले. ठराव तिथेच पडला. शेपटाला गहू झाला. मला त्या दिवशी टेबलावर चढून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. सरकारी माणूस असल्याने मी पेनाला टोपण लावलं.

पण तात्या विसरले नाहीत. काही महिन्यांनी आमच्या कार्यालयातून त्या संस्थेला पत्र गेलं, की पाटकरी सातवी पास असावा, साठीच्या आतला असावा, सध्याच्या इसमास कमी करण्यात यावं. पत्रामागे कुणाचा हात होता ते कार्यालयात शिपायालाही माहीत होतं. ते पत्र मी टाईप केलं. एक अक्षर चुकलं तर रबराने खोडून नीट केलं. साहेबांच्या सहीसाठी आत नेऊन ठेवलं. मी नकार दिला असता तर दुसऱ्या कुणी टाईप केलं असतं, ही समजूत मी स्वतःला पुष्कळ वर्षं घातली.

आबाने ते पत्र वाचून घेतलं, घडी करून टोपीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन पाटावर हजर झाला. सातवी पास नवा पाटकरी आला होता, बिचारा भला माणूस. त्यालाच खुंट्यांच्या खुणा कळेनात. तो आबाला विचारून पाणी सोडायचा. कमिटीची मुदत संपली की गाव पुन्हा घागरीतल्याच नऊ नावांचे अर्ज भरायचं, आणि तात्यांनी दहावा अर्ज पुन्हा कधी भरला नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते नव्वदच्या दशकात, अशाच एका आखाजीला. तपासणीसाठी गेलो होतो. कडुनिंबाखाली खुंट्या काढायची तयारी चालली होती. सोनाअक्काने त्या वर्षी एक नवी खुंटी कोरून आणली होती, तिच्यावर फावड्याची खूण. आबा हुज्जत घालत होता, माले जमीन नही, मनी खुंटी कशाले? अक्का म्हणाली, "पाय तं शेतस ना पान्यात?" आणि तिने खुंटी घागरीत टाकलीसुद्धा. माहेरवाशिणीच्या हाताला ती पाचवी लागली.

"आबा, बठा," सगळे म्हणाले.

तो पाटातून बाहेर आला. धोतराच्या सोग्याने पाय पुसले आणि बैठकीत बसला. एवढ्या वर्षांत मी त्याला बसलेला प्रथमच पाहत होतो. पहिलाच विषय निघाला पाटकऱ्याचा. कामावरून काढण्याविरुद्ध खात्याकडे दाद मागायची की नाही? नियमाप्रमाणे आबाने आपली बाजू मांडायची नव्हती, खात्याची मांडायची होती. आणि 'बराबर' म्हणायला खात्याचा माणूस एकच होता, मी.

आबा बोलला. "सरकारले कितला गावे देखना पडतस. परतेक गावले येक झिपरू नही शे. लिखेल-वाचेल मानूस ठेवा तं नोंद ऱ्हास. मी उद्या मरी गवू तं पानी कोन सोडी? आनि ज्यानं ते पत्र लिखं, त्याले बी पोट शे. वरथून सांगं ते त्यानं लिखं." मग माझ्याकडे वळला. "बराबर शे का, साहेब?"

त्याला ठाऊक होतं. कधीपासून ठाऊक होतं, देव जाणे. मी म्हणालो, "बराबर."

"आते तुमी मनी बाजू मांडा."

सगळे माझ्याकडे बघत होते. सोनाअक्का, भिकनभाऊ, नवा पाटकरी, झोक्यावरच्या पोरी. मला सगळं माहीत होतं. एकेक मुद्दा जिभेवर होता. मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, माझी एसटी चुकेल.

आबा त्याच पावसाळ्यात गेला. मला ते वर्षभराने धुळ्याच्या बाजारात सोनाअक्काकडून कळलं. खुंट्यांची पिशवी तिच्याकडे आहे, घागर अजून भरते, असंही तिने सांगितलं. मी इथे जे मांडलं ते नीट मांडलं की नाही, हे सांगणारा आता कुणी नाही. तरी मांडलं, कारण त्या दिवशी बूट घालून स्टँडकडे निघालो तेव्हा वळून पाहिलं होतं. आबा पुन्हा पाटात जाऊन उभा होता, पोटरीभर पाण्यात, खांद्यावर फावडं. रागावलेला मुळीच नव्हता. हात वर करून ओरडला,

"साहेब, तुमनी बारी बाकी शे."

मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.